गाणाऱ्या बाईची मिसिंग

ती घटना आजही आठवते, असं म्हणायची रीत आहे. मला तर ती विसरायची होती. जमलं नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एक नवरा बायकोची मिसिंग नोंदवायला आला. बायको पंचवीस वर्षांची. लग्नकार्यात, कानबाई देवीच्या सणात तिचा आवाज गावाला हवाच असायचा. धुळ्याच्या एका स्टुडिओवाल्याने तिच्याकडून अहिराणी गाणं गाऊन घेतलं, ते मोबाइलवर गाजलं आणि घरात भांडण पेटलं. नवऱ्याने तिचा फोन फोडला. चौथ्या दिवशी ती निघून गेली. नवऱ्याचा संशय त्या गाण्याच्या व्हिडिओतल्या हिरोवर होता.

मी व्हिडिओ पाहिला. गाणं अहिराणी, नाच पंजाबी, घागरा राजस्थानी आणि मागे पिंपळनेरकडचा डोंगर. हिरोला ठाण्यात आणून दिवसभर बसवून ठेवलं. शेवटी तो रडकुंडीला आला.

"साहेब, आवाज कोना शे माले काय मालूम? गानं आधीच तयार राहास. आम्ही डोंगरवर जातस, व्हट हालाडतस, घर येतस."

खरंच होतं. या धंद्यात गाणारी एकीकडे, नाचणारे दुसरीकडे. एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत. हे मला कुणाला तरी साधं विचारता आलं असतं. पण पडद्यावर दिसला तोच आरोपी, अशी आमची अक्कल. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तिची आई दर दोन दिवसांनी यायची आणि बाकावर मुकाट बसायची. एके दुपारी आमचा अंमलदार डबा खाताना मोबाइलवर नवीन गाणं ऐकत होता. गायिकेचं नाव भलतंच लिहिलेलं. म्हातारी ताडकन उठली.

"साहेब, हाऊ मनी पोरना आवाज शे! शेवटला शब्द ती असाच वर उचलस, मीच शिकाडेल शे. जित्ती शे मनी पोर!"

ती हसत होती आणि रडतही होती. गाण्याखाली त्याच स्टुडिओचा पत्ता होता. मी लगेच गाडी काढली.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. ती काचेपलीकडे गात होती. राहायला स्टुडिओवाल्याच्या बहिणीकडे होती. मला बघून घाबरली नाही.

"मी मना मनथीन उनू, साहेब. माले गाना म्हनाना शेतस."

सज्ञान बाई, स्वतःच्या मर्जीने आलेली. जबाब घ्यायचा आणि तिला हवं तिथे जाऊ द्यायचं, कायदा एवढाच. तो मला पाठ होता. पण मी तिला ठाण्यात आणलं. आवारात सासरची पंधरा-वीस माणसं, मध्यस्थीला गावचे एक आबा, आणि माझ्या डोक्यात घर मोडू नये हे खूळ. "ताई, मोठा भाऊ समज," म्हणत मी दोन तास तिला समजावलं. समजावलं कसलं, दमवलं. अंमलदाराने जबाब लिहिला, "मी स्वखुशीने पतीसोबत जात आहे."

तिने वाचलं आणि विचारलं, "यामा खुशी कोनी शे, साहेब?"

मी पेन पुढे सरकवलं. तिने सही केली.

निवृत्तीनंतर असोद्याला एका लग्नाला गेलो. डीजेवर तिचंच गाणं, वऱ्हाड बेभान नाचत होतं. मांडवाच्या कडेला तिची आई बसलेली दिसली. मुलगी कशी आहे, मी विचारलं.

"शे. आते कानबाईम्होरे बी तोंड उघाडत नही." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आवाज मीच वळखी दिन्हा ना तुम्हले."

मी न जेवताच मांडवातून निघालो.

लोकांचे संसार सांधणं हे पोलिसाचं काम नाही, हे मी उशिरा शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. मिसिंगच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात 'मिळून आली' असा शेरा आहे. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात खोटी नोंद आहे.