पायाचं माप

या हिवाळ्यात तरी आल्प्सला स्कीइंगला ये, असं धाकट्या भावाने म्युनिकहून पुन्हा कळवलं, म्हणून काल कपाटातून स्वेटर काढले. डांबरगोळ्यांच्या वासाने सावेडीतल्या याच खोलीतला खूप वर्षांपूर्वीचा एक रविवार आठवला.

तेव्हा आम्ही दोघं जाणार होतो. तिथे बूट भाड्याने मिळतात, पण पायाची लांबी आणि वजन आधी कळवावं लागतं. मी जुन्या वर्तमानपत्रावर उभा होतो आणि माझी बायको सुनंदा पेन्सिल घेऊन खाली बसली होती.

“टाच भिंतीला टेकवा, आणि हलू नका हो,” ती म्हणाली. “नखं कापा आधी, बर्फाला लागतील.” तिच्या नुकत्याच धुतलेल्या केसांचं पाणी माझ्या पावलावर ठिबकत होतं.

मग मी तिचं वजन विचारलं.

“पंचावन्न लिहा.”

“खरं सांग. वजन कमी सांगितलं तर घसरताना बूट स्कीच्या पट्टीतून मध्येच सुटतो, पडून पाय मोडतो.”

“मग बासष्ट. पण भाऊजींना फोनवर सांगू नका, नुसतं लिहून पाठवा.”

आकडा बरोबर मिळाला, एवढंच समाधान मला तेव्हा वाटलं. त्या हिवाळ्यात ती आजारी पडली आणि बेत राहिला. पुढच्या वर्षी तीच राहिली नाही.

काल मी एकटाच भिंतीला टाच टेकवून उभा राहिलो. रेघ मारायला वाकलं की टाच पुढे सरकते. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. शेवटी भावाला कळवलं, “येतो. माप तिथे आल्यावर तू घे.”