इंगळेकाकांची पन्नासची लेन्स

हौसेला मोल नसतं हे वाक्य ज्याने कोणी काढलं, त्याने डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या किमती बघितल्या नसाव्यात. मी गेली सहा वर्षं बघत होतो. नवा घेणं माझ्या ऐपतीबाहेरचं, आणि जुना बाजारात आला की चार तासांत उडालेला असायचा. त्यामुळे एका संध्याकाळी विक्रीच्या ग्रुपवर 'बॉडी आणि तीन लेन्स, एकाच मालकाच्या, बघायला मेहकरला यावे लागेल' असं दिसलं, तेव्हा मी आधी फोन लावला आणि मग मेहकर नकाशात शोधलं. बायको म्हणाली, "आधी नकाशा बघून मग फोन करायची पद्धत आहे." पण सुट्टी तिनेच जुळवून दिली.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: पुण्याहून पहाटे पाचला कार काढली. नगर, संभाजीनगर, मग समृद्धीवर चढून मेहकरला उतरायचं. थांबत गेलात तर आठ तास धरा. समृद्धीवर गाडी इतकी सरळ जाते की झोप येते, त्यामुळे चढायच्या आधीच दोन चहा पोटात असू द्या. मेहकरमध्ये बसस्टँडजवळच्या लॉजवर नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. खालच्या हॉटेलात आलुबोंडा आणि तळलेली मिरची खाल्ली. आपण ज्याला बटाटावडा म्हणतो तोच हा, पण मी काउंटरवर 'वडा' मागितला तर मालकाने उडदाचा वडा समोर ठेवला. लोणार इथून जवळ आहे, एक दिवस जास्त असेल तर जरूर जा. मी गेलो नाही. का, ते पुढे येईलच.

विकणाऱ्यांना मी इथे इंगळेकाका म्हणतो. नाव बदललंय, एकदोन खुणाही बदलल्या आहेत. चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या ओळखपत्रापासून भीमजयंतीच्या मिरवणुकीपर्यंत आणि बारशापासून तेराव्यापर्यंत गावाचे सगळे फोटो त्यांनी काढले. स्टुडिओ बंद केला तेव्हा जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने हा कॅमेरा भेट दिला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी काढले, आता स्वतःसाठी काढा, म्हणाला.

काका दारातच उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. "जय भीम, या. जेवल्याशिवाय कॅमेरा दाखवणार नाही, आधीच सांगतो." काकूंनी बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची भाकरी वाढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते बघून काकू म्हणाल्या, "पुण्याचे दिसता," आणि वाटीभर दही आणून ठेवलं.

मग काकांनी कॅमेरा आणला, लहान बाळ हातात देतात तसा दोन्ही हातांनी. मी सहा वर्षं व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालो होतो, तरी त्यांनी मला पहिल्यापासून समजावलं. "बाकी कॅमेऱ्यात लेन्समधून दिसते. याच्यात खिडकीतून पाहा लागते. मदात एक चौकोन हाय पाहा. त्याच्यात माणूस दोनदा दिसते. रिंग फिरवत जा. दोनाचा एक झाला की मंग बटन दाबा." त्यांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "आता माह्या डोयाले तो चौकोनच दिसत नाही. पडदा गेला, डॉक्टर म्हणे. कडेचं दिसते, मदातलं नाही. आन या कॅमेऱ्यात सारं मदातच हाय."

त्यांनी एक अल्बमही दाखवला. पुतण्याच्या लग्नाचा, याच कॅमेऱ्याने आणि पन्नास एमएमच्या लेन्सने काढलेला. एकही फोटो धड नव्हता, नवरी-नवरा दोघंही धुरकट. "चाळीस वर्षं लोकाइचे काढले," काका म्हणाले, "आन घरच्या लग्नात हात गेला." काकूंनी अल्बम त्यांच्या हातातून घेतला आणि आत नेऊन ठेवला.

लेन्स स्टीलच्या डब्यात होत्या. पस्तीस, पन्नास आणि एक जुनी नव्वद. डब्याच्या तळाशी चपलांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या अंथरल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी काकू त्या पुड्यांना कुरडयांसारखं ऊन दाखवायच्या आणि परत डब्यात भरायच्या. धान्याच्या कोठीत बिब्बे घालणाऱ्या बाईला ओल आणि कीड कशी अडवायची हे कोणी शिकवावं लागत नाही. माझ्या पुण्याच्या घरातल्या महागड्या ड्राय कॅबिनेटमधल्या लेन्सपेक्षा त्या लेन्स चांगल्या राहिल्या होत्या.

आता जे केलं ते सांगतो. इथवर लिहायला मजा आली, इथून पुढे येणार नाही.

जुन्या लेन्स घेणाऱ्यांत एक शिरस्ता आहे. खोट काढल्याशिवाय भाव पडत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून लेन्सच्या आरपार बघायचं, नाक मुरडायचं आणि 'हं' म्हणायचं. टॉर्चच्या उजेडात कुठल्याही लेन्समध्ये दोन कण दिसतातच. मला काकांनी सांगितलेली किंमत रास्त वाटत होती, किंबहुना कमीच होती. तरी मी टॉर्च लावला. सवय म्हणा, हाव म्हणा. पन्नासच्या लेन्समध्ये धुळीचा एक कण होता. मी म्हणालो, "काका, आत बुरशीची सुरुवात दिसतेय."

काकांनी लेन्स घेतली आणि खिडकीशी गेले. आधी डोळ्यापाशी धरली, मग लांब, मग मान तिरकी करून कडेने पाहिली. त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी काय बोललोय ते मला तेव्हा कळलं. समोरचा माणूस तपासूच शकत नाही हे ठाऊक असताना मी बोललो होतो. दुकानदाराशी केलेली घासाघीस वेगळी आणि हे वेगळं. त्या क्षणी 'थांबा, परत बघतो' एवढे तीन शब्द पुरले असते.

मी टॉर्च बंद केला आणि मोबाइल खिशात ठेवला.

काकूंनी त्यांच्या हातातून लेन्स घेतली, उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि टेबलावर ठेवली.

"तरीच," काका हळूच म्हणाले. मग काकूंकडे वळले. "डबा उघडा राह्यला असन. पावसात ओल गेली असन. तुले किती खेप म्हटलं, झाकण घट्ट लावत जा म्हणून. एक वस्तू सांभाळता येत नाही तुले?"

काकू म्हणाल्या, "राह्यला असन."

मला फार तर दहा-पंधरा हजार कमी करून हवे होते. काकांनी पन्नासच्या लेन्सची पूर्ण किंमतच वजा केली. "खराब फोटोचा पैसा मी कधी घेतला नाही. खराब काचेचा काऊन घेऊ? तशीच घेऊन जा." मी दोनदा नको म्हणालो. कसं नको म्हणालो तेही सांगून टाकतो, आग्रहाने वाढलेली जिलबी नको म्हणतात तसं. लेन्स पिशवीत गेली. मोबाइलवरून पैसे गेले, काकूंनी चहा केला, मी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी लोणारला जायचं ठरलं होतं, पण लॉजवाल्याने साखरखेर्ड्याचा बाजार आहे म्हटल्यावर तिकडे वळलो. रस्ता ठीक आहे, एकदोन ठिकाणी खड्डे आहेत, तासाभरात पोचता. बाजारात मिरची, लसूण, दोऱ्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, सगळं होतं. मी पन्नासची लेन्स लावली. लसूण विकणाऱ्या एका बाईंना विचारून त्यांचा फोटो काढला. छोट्या चौकोनात त्या दोनदा दिसल्या, रिंग फिरवली, एक झाल्या. स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर पापणीचे केस मोजता येत होते. लसणाच्या सालीवरच्या जांभळ्या रेघासुद्धा. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात होतं आणि मला ते बघवेना.

चहाच्या टपरीवर एक साठीचे गृहस्थ कॅमेऱ्याकडे टक लावून बघत होते. गळ्यातला पट्टा काकूंनी शिवलेला होता, जुन्या निळ्या कापडाचा. त्यावरूनच त्यांनी ओळखलं.

"हा इंगळे फोटोवाल्याचा ना?"

"हो. कालच घेतला त्यांच्याकडून."

"इकला त्यानं?" त्यांनी पट्टा बोटांनी चाचपला. "माह्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले. रोल खराब निघाला तर आठ दिवसानं परत आला, मेहकराहून, सायकलवर. आमाले परत हार घालाले लावले. एक रुपया जास्त घेतला नाही. तुमाले बी वस्तू चोख देल्ली असन."

"हो," मी म्हणालो. "चोख आहे."

हा माझा त्या प्रवासातला पहिला खरा शब्द. चहा अर्धा टाकून मी गाडी परत मेहकरकडे वळवली.

तासभर गाडीत वाक्य पाठ करत होतो. काका, मी खोटं बोललो. सोपं वाक्य आहे, शाळेतल्या मुलालाही येतं. काका ओट्यावर रेडिओ ऐकत बसले होते, काकू आत होत्या. मी बसलो आणि तोंडातून निघालं ते असं: "काका, मी परत नीट बघितलं. बुरशी नाहीये, धूळ होती. लेन्स उत्तम आहे. तिचे पैसे घ्या."

किती सफाईने मी स्वतःला वगळलं होतं बघा. खोटारडा मी नव्हतो, नुसती नजरचूक झाली होती.

काका हसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मन राखाले आले तुमी. रात्रभर वाईट वाटलं असन, म्हाताऱ्याचं नुकसान झालं म्हणून. असे लोक राह्यले नाहीत आता." त्यांनी आत हाक मारली. "अवं, पाहा, भाऊ परत आले. मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यले की काच चांगली हाय."

"काका, खरंच चांगली आहे."

"हाव हाव. जेवून जा."

मी खोटं बोललो तेव्हा त्यांनी लगेच विश्वास ठेवला होता, आणि खरं सांगायला आलो तर ते माझ्या चांगुलपणात जमा झालं. काकू दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही. काम निघाल्याचं सांगून उठलो आणि त्याच दुपारी पुण्याची वाट धरली. परतीच्या रस्त्याबद्दल मला काहीही आठवत नाही, त्यामुळे ती माहिती दुसऱ्या कुठल्या ब्लॉगवर बघा.

घरी आल्यावर कॅमेरा कपाटात गेला. बायकोने दोन दिवस वाट पाहिली, मग विचारलं. सगळं सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, "फोन कर." तिसऱ्या दिवशी केला. काकूंनी उचलला. काका दवाखान्यात गेले होते, शेजारच्यांसोबत. मी या वेळी वाक्य बदललं नाही. काकू, मी भाव पाडायला खोटं बोललो, तुमचा डबा नीट होता, लेन्स स्वच्छ होती.

"मले मालूम हाय," काकू म्हणाल्या. "तुमी आले त्या दिवशी सकायीच पुसून, उजेडात पाहून ठेवली होती. नंतर तुमच्यासमोर बी पाहिली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणारच होती. तेवढ्यात ते 'तरीच' म्हणले. त्या लग्नाचे फोटो बिघडल्यापासून ते झोपत नव्हते. हात गेला माह्या, हात गेला, एवढंच. आता म्हणतेत, हात नव्हता गेला, काच खराब होती. आल्यागेल्याले सांगतेत. त्या दिवसापासून रेडिओ लावाले लागले, जेवाले लागले. आता तुमी खरं सांगून काय करता?"

मी म्हणालो, निदान लेन्सचे पैसे तरी पाठवतो.

"पाठवा ना. काऊन नाही पाठवणार? माह्या नावानं पाठवा, डोयाच्या औषधाले लागतेत. पण त्याईले सांगाचं नाही. आन एक ऐका, आमच्या कामी आलं म्हणून ते बरोबर झालं असं समजू नका."

"नाही समजत, काकू."

पैसे त्याच दिवशी पाठवले. बायको म्हणाली, आता तरी बाहेर काढ तो. काढला, थोडे फोटोही काढले, चांगले येतात. मित्र विचारतात की एवढी स्वच्छ लेन्स कुठे मिळाली, आणि मी मेहकर म्हणतो. कोणाला जायचं असेल तर रस्ता वर दिलाच आहे. रेंजफाइंडरबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा, जेवढं येतं तेवढं सांगेन. हा लेख टाकण्याआधी काकूंना पुन्हा फोन करून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, लिहा, ते आता वाचत नाहीत.

तोच फोन ठेवता ठेवता मी त्यांना विचारलं होतं, काका त्या डब्यावरून अजून बोलतात का.

"बोलतेत ना. रोज चहाच्या टायमाले. झाकण लावलं असतं तर आज काच चांगली राह्यली असती, म्हणतेत."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणते, हो, चुकलं माह्यं."