हिंगणघाटात पुण्याचा महिना

पुण्यात चहा तीनशे रुपयांना मिळतो, असं मी सिस्टरबाईंना सांगितलं. भर हॉटेलात, मोठ्या आवाजात, हातवारे करून सांगितलं. ती चूक होती.

चुका मी पुष्कळ केल्या आहेत आणि त्या सांगून लोकांना हसवलंही आहे. मेहुणीच्या लग्नात भलत्याच मंगल कार्यालयात शिरून पंगतीत जेवून आलो होतो, आणि आहेरही तिथेच देऊन आलो होतो, हे अख्ख्या हिंगणघाटला ठाऊक आहे. पण ही चूक मी कोणाला हसवायला सांगत नाही.

सिस्टरबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. बरीच वर्षं अल्लीपूरला काढली, शेवटची हिंगणघाटला. अर्ध्या तालुक्याला त्यांनी सुई टोचली असेल. मलाही टोचली आहे. कुठे, ते विचारू नका. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा शिकला आणि पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला.

बसस्टँडसमोर गजूभाऊचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार टेबलं, एक भट्टी आणि धुरानं काळं पडलेलं छत. त्याला लागून माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान. रोज दुपारी चारच्या सुमाराला सिस्टरबाई तिथे येत आणि गल्ल्याजवळच्या टेबलाशी बसत. आपल्याकडे बाई हॉटेलात येते ती पार्सल न्यायला, नाहीतर नवऱ्याबरोबर, दाराकडे पाठ करून. हे तुम्हीही पाहिलं असेल. सिस्टरबाई दाराकडे तोंड करून बसत. एकट्या. फिक्का, बिनसाखरेचा चहा बशीत ओतून पीत, रस्ता बघत. दहाची नोट चहा यायच्या आधीच टेबलावर ठेवलेली असे. एकदा एका पुढाऱ्यानं खुशीत येऊन सगळ्या हॉटेलाचा चहा आपल्यावर घेतला, तेव्हाही त्यांनी गजूभाऊला आपली नोट घ्यायला लावली. “त्यायचा चहा त्यायले पाज,” एवढंच म्हणाल्या.

कोणी बाहेरगावाहून आलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, “तिथं चहा केवढ्याले?” तिरुपतीहून आलेल्या माणसाला त्यांनी दर्शनाचं विचारलं नाही, चहाचं विचारलं. नागपूर, चंद्रपूर, अमरावती, सगळीकडचे भाव त्यांना पाठ. चहाचा भाव कळला की त्या गावात आपल्यासारख्या माणसाला बसायला जागा आहे की नाही ते कळतं, असा त्यांचा हिशेब.

पुढे त्या फक्त पुण्याचंच विचारू लागल्या, आणि मला वाटतं, ती भीती मी सगळ्यांत आधी ओळखली. नर्स माणूस भितो तेव्हा आवाज आणखी कोरडा करतो. न्हाणीत पाय घसरून त्या एकदा पडल्या होत्या. गुडघा सुजला, आणि मुलानं तिकडून ठरवूनच टाकलं की दिवाळीनंतर आईला पुण्याला आणायचं. मुलगा चांगला, सूनही चांगली. भीती त्यांची नव्हती.

एका दुपारी हॉटेलात गर्दी नव्हती, तेव्हा त्या बोलल्या. दवाखान्यात म्हाताऱ्या बायका ॲडमिट व्हायच्या. भेटायला सून आली की त्या पदराखालून हात हळूच पुढे करायच्या, कोणाला दिसू नये असा. पानाला पैसे हवे असायचे, नाहीतर तपकिरीला. सून द्यायचीही. पण तो हात.

“हजारो हात पाह्यले मी, बाबू,” सिस्टरबाई म्हणाल्या. “पण तो हात पाहवत नाई.”

पोराच्या घरी राहीन, पण भाजी, दूध, औषधं आणि चहा माझ्या पेन्शनीतून, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पेन्शन हिंगणघाटात पुरून उरत होती. पुण्यात पुरेल का, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं. मुलाला विचारलं तर तो म्हणे, आई, तू पैशांचं बघूच नको. आणि त्यांना नेमकं तेच नको होतं.

अशात माझ्या साडूनं पुण्याला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला बोलावलं. फ्लॅट सिस्टरबाईंच्या मुलाच्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर. झालं. त्यांनी मला कामच लावून दिलं. “दोन-चार हाटेलात बसजो. भाजीबाजारात फिरजो. खरं काय ते पाह्यजो, अन् मले येऊन सांगजो.”

मी गेलो. साडूनं मला रस्त्यावरच्या एका काचेच्या हॉटेलात नेलं. आत इतका थंडावा, की मला वाटलं मेडिकलच्या गोदामात आलो. पोरानं विचारलं, रेग्युलर की लार्ज? मी घाबरून लार्ज म्हणालो. किटली आली, छोटा कप आला, आणि शेजारी एक वाळूचं घड्याळ. वाळू खाली जाईस्तोवर चहा ओतायचा नाही म्हणे. मी त्या घड्याळापुढे परीक्षेला बसल्यासारखा बसलो. बिल तीनशेच्या घरात. साडूच्या देखत मी ते रोज देत असल्यासारखं दिलं आणि नंतर बाहेर येऊन कठड्याला धरून उभा राहिलो.

एवढंच माझं पुणे. बाजारात गेलो नाही, दुसऱ्या कुठल्या हॉटेलात बसलो नाही. दोन दिवस साडूकडे पुरणपोळी खाऊन झोपा काढल्या. परतीच्या गाडीत आठवलं, की सिस्टरबाईंना सांगायला आपल्याजवळ चहाच तेवढा आहे. मग बाकीचं मी रचलं. रचायला लागलो की मला थांबता येत नाही, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी चारला हॉटेलात मी वाळूच्या घड्याळासकट सगळं करून दाखवलं. माणसं पोट धरून हसली. त्या हसण्यावर मी आणखी चढलो. पोहे दीडशेला प्लेट. मेथीची जुडी शंभरला, त्यातही पिवळी पानं निघतात. केळी डझनानं मिळतच नाहीत, एकेक केळं काट्यावर तोलून देतात. दुधाचा भाव सांगताना तर मी टोपी काढून छातीशी धरली.

सिस्टरबाई हसल्या नाहीत. प्रत्येक भाव त्या हळूच परत म्हणत होत्या, डॉक्टर डोस सांगतो आणि नर्स परत म्हणते तसा. शेवटी विचारलं, “खरं हाय?”

मी म्हणालो, “अगदी.”

नवा महिना लागला आणि त्यांचं येणं कमी झालं. आधी रोजच्या, मग आठवड्यातून दोनदा, मग दिसेनाशाच. एकदा बाजारात भेटल्या. पिशवीत दोन वांगी आणि गळ्याशी हाडं वर आलेली. मी म्हटलं, सिस्टरबाई, डायटिंग चाललंय वाटतं. त्या म्हणाल्या, “पुण्याची सवय करून राह्यली.” मी हसलो. आवराआवरीत असतील, खायला वेळ मिळत नसेल, असं समजून दुकानात येऊन बसलो.

महिना सरत आला होता. गजूभाऊनं गरम सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, काढल्या, चार बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाला, मले भट्टी सोडता येत नाई, तू बुढीले पाहून ये, मले काही बरोबर वाटत नाई. बरोबर तर मलाही वाटत नव्हतं, पण ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला कळलं.

दार आतून बंद. हाक मारली, कडी वाजवली. आत पंखा फिरत होता, त्याची कटकट ऐकू येत होती, बाकी काही नाही. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दोन पाय दिसले. आडवे. वड्यांची पुडी कुठे पडली आणि मागच्या भिंतीवरून मी कसा चढलो, आठवत नाही. पँट फाटली हे घरी आल्यावर बायकोनं दाखवलं. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं.

त्या जमिनीवर पडल्या होत्या, घामानं चिंब. डोळे उघडे होते. ओठ हलत होते, पण शब्द जड येत होते. मी वाकलो. “साखर,” त्या म्हणाल्या. “पोटात काही नाई, अन् शुगरची गोळी घेतली.”

मी फळीवरचा साखरेचा डबा उघडला. आत नोटा होत्या. चहाचा डबा उघडला, नोटा. डाळीचा, नोटा. पोह्यांचा डबा हलका लागला म्हणून आशेनं उघडला, त्यातही नोटा. आयुष्यात मला पैशांची एवढी भीती कधी वाटली नाही. खायचं म्हणून त्या घरात काही नव्हतं, आणि मी एकेक डबा उघडून जमिनीवर टाकत होतो.

खालून सिस्टरबाई म्हणाल्या, “हात नको लावू. ते पुण्याचे हायेत.”

“साखर, साखर” ओरडत मी शेजारी धावलो. शेजारीण मला पाहून म्हणाली, साखर ना, वाटीभर देऊ का? मी तिचा डबाच उचलून पळालो. चिमूट चिमूट करून साखर त्यांच्या तोंडात घातली. घाईत निम्मी त्यांच्या गळ्यावर सांडली. आणि त्या, तशा अवस्थेतही, “हळू, हळू, घाई नाई,” असं मलाच सांगत होत्या. हळूहळू डोळ्यांत ओळख आली. मग रिक्षा, दवाखाना, सलाईन.

त्यांनी काय केलं होतं ते मला दवाखान्यात शेजारणीनं सांगितलं; डब्यांचा हिशेब तिला माहीत होता, उपास नव्हता. सिस्टरबाई महिनाभर हिंगणघाटातच पुण्याच्या भावानं राहिल्या होत्या. चहाचे दहा गजूभाऊला द्यायचे आणि वरचे दोनशे नव्वद चहाच्या डब्यात टाकायचे. मेथीचे वरचे डाळीच्या डब्यात. टाकलेल्या पैशाला परत हात लावायचा नाही, कारण ते पुण्यात खर्च झाले. पेन्शन कुठवर जाते ते त्यांना पाहायचं होतं. ती अर्ध्या महिन्यालाच संपली. पुढे त्या आपल्या घरात, भरल्या डब्यांशेजारी, उपाशी राहिल्या. कारण पुण्यात पैसे संपले असते, तर पुढे हात पसरावा लागला असता. तो पसरण्यापेक्षा राहता येतं का, तेही त्यांना पाहायचं होतं.

आणि भाव माझे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो. भाव मी रचले होते, ते सांगून टाकलं. त्यांनी डोळे मिटले आणि एकेक विचारू लागल्या.

“चहा?”

“तो खरा. पण तसल्या एकाच हॉटेलात.”

“पोहे?”

“खाल्लेच नाई, सिस्टरबाई.”

“मेथी?”

“ती गाडीत सुचली. अकोल्याला.”

“केळी?”

“बडनेऱ्याच्या पुढे.”

त्या भिंतीकडे वळल्या. मी वाट पाहत होतो, त्या शिव्या देतील, निदान जा म्हणतील. भिंतीकडूनच आवाज आला, “महिनाभर मी दूध नाई घेतलं, बाबू.”

मी बाहेर जाऊन कपभर दूध आणलं आणि त्यांच्या उशाशी ठेवलं.

दिवाळी झाली आणि मुलगा गाडी घेऊन आला. सगळी गल्ली निरोपाला जमली. खोटे भाव गेले होते, पण खरे कोणाजवळच नव्हते, आणि त्या भ्यालेल्याच निघाल्या. पुढच्या सीटवर बसल्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. त्या हातांनी रडणाऱ्या पोरांना, तापानं फणफणलेल्या माणसांना सुया टोचल्या होत्या, आणि माझ्या आठवणीत ते कधी कापले नव्हते. त्या दिवशी पर्सची चेन वाजत होती. मला पाहून त्यांनी मान हलवली, तेवढंच.

नंतर कितीतरी दिवस फोन नाही. चार वाजले की मी दुकानातून गजूभाऊच्या हॉटेलात डोकावायचो. गल्ल्याजवळच्या टेबलाशी दुसरं कोणी बसलेलं असलं की गजूभाऊ फडकं घेऊन तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसायचा. गिऱ्हाईक कंटाळून जागा बदले. रात्री जेवताना माझ्या मनात यायचं, तिकडे डबे पुन्हा भरायला लागले असतील का.

मग एका दुपारी गजूभाऊचा मोबाईल वाजला. माझा नाही, त्याचा. त्यानं तो स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला, आणि सगळं हॉटेल त्याच्याभोवती गोळा झालं. मी मागे उभा राहिलो.

आवाज कोरडाच होता, नेहमीचा. सोसायटीच्या फाटकाबाहेर रस्ता ओलांडला की एक टपरी आहे, त्या सांगत होत्या. चहा इथल्यापेक्षा थोडा महाग, पण तीनशे काही नाही. स्टूल एकच असतं, ते वॉचमन उठून देतो. सुनेनं चहाचं मशीन आणलंय, मुलगा म्हणतो आई, घरात पी, पण त्या रोज जातात. भाजी बाजारातून स्वतः आणतात. पहिल्या महिन्याची पेन्शन सरली नाही, थोडी उरली.

माणसं आळीपाळीनं बोलली. मला राहवलं नाही. मागूनच विचारलं, “सिस्टरबाई, आता भीती नाही ना वाटत?”

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

“रस्ता ओलांडतानी वाटते थोडी,” त्या म्हणाल्या. “पण पुण्याले काऊन भेली होती मी, बाबू? भ्याचंच होतं, तं तुह्या तोंडाले भ्याले पाह्यजे होतं.”