दुसऱ्या ओळीची बाई

शहाद्याच्या बसस्टँडवर मला पोचवायला माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. आमचे हे गेले, घरात मी एकटी, म्हणून मुलगा मला आमच्या प्रकाशा गावाहून पुण्याला नेत होता. मी खिडकीशी बसले न बसले, तोच जाऊबाईंनी खाली उभ्या राहून लेक सासरी पाठवायचं गाणं सुरू केलं. थट्टाच ती, पण गळा पूर्ण लावून.

"लेक चालनी सासरले, मांगे वळी वळी पाहे."

गल्लीतल्या बायांनो, तुम्हाला काय सांगायचं, पण इथली माझी नातही हे वाचणार आहे म्हणून सांगते. आपल्याकडे हे गाणं एकटीनं म्हणत नाहीत. एक ओळ टाकते, दुसरी झेलते. टाकलेली ओळ तशीच सोडली तर जाणारीला चांगलं नाही, म्हणून जवळ असेल तिनं झेलायचीच. चाळीस वर्षं जाऊबाई टाकायच्या, मी झेलायची. त्या दिवशी गाडीतली माणसं वळून बघायला लागली, मुलानं मान खाली घातली, आणि मी म्हटलं, "जिजी, बस करा ना, लोक पाही ऱ्हायनात."

"आते तू पुनानी व्हई गई," त्या हसून म्हणाल्या, म्हणजे मी आता पुण्याची झाले. गाडी हलली. दुसरी ओळ त्यांनी म्हटली नाही, ती त्यांची नव्हतीच.

पुण्यात मला कमी काही नाही. लिफ्ट जमते, सून चांगली आहे. घरात मी 'आहे' म्हणते, 'शे' म्हणायचं ते फक्त जाऊबाईंच्या फोनवर. तो फोन पाच महिने चालला. मग एका सकाळी पुतण्याचा आला, जाऊबाई गेल्या. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. ओट्यावर बसलेली मला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. स्टँडवरचं मात्र मी कुणाला बोलले नाही.

परवा नातीनं गाण्यांचं नाटक दाखवायला नेलं. थिएटर कसलं, आपल्या समाजमंदिराहून लहान. पडदा नाही, स्टेज नाही, चारी बाजूंना खुर्च्या आणि मधे नटमंडळी. नवरी झालेली पोरगी माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबली आणि तेच गाणं म्हणाली. एक ओळ. मग गप्प. ते गप्प राहणं नाटकातलंच होतं, मला काय ठाऊक. मी झेलली.

"माय दारमा उभी ऱ्हायनी, तिना डोया कोन पुसे."

नातीनं माझा हात दाबला. सगळे बघत होते. मी शेवटपर्यंत म्हटली.

नाटक संपल्यावर ती पोरगी येऊन खाली बसली. "आजी, आम्हाला एवढंच कडवं मिळालं. पुढचं सांगा ना." मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मी तोंड उघडलं तर सुरुवातच सापडेना. झेलायच्या ओळी एकामागून एक येत होत्या, पण पहिल्या सगळ्या जाऊबाईंकडे. मला कधी लागल्याच नव्हत्या.

"बाई, मला अर्धंच येतं," म्हटलं.

म्हणून हे लिहिते. तुमच्यापैकी कुणाला पहिल्या ओळी आठवत असतील तर दुपारी फोन करा. चुकलं तरी चालेल. तिथल्या आमच्या घराला कुलूप आहे. गाव म्हणून मला आता एवढंच उरलंय, की तिकडून कुणी ओळ टाकली तर मी झेलीन. ती जाऊबाईंची नसेल, तेवढं मला समजतं.