नानांच्या पाठीखालचा पाला

जीवरामनानांसारखा केळीचा जाणकार आमच्या निंभोऱ्यात दुसरा नव्हता. हे आम्ही नाही, नाना स्वतःच सांगायचे. स्टेशनावर केळीची वॅगन भरू लागली की कमरेवर हात ठेवून हे वॅगनच्या दारात उभे. घडांखाली सुका पाला जाड पसरला नसेल, माल काळा पडेल असं वाटलं, तर हमालांच्या सात पिढ्यांचा उद्धार!

"दबला का माल काया पडते, लेकाहो! दिल्लीले पाठवायचाय, उकिरड्यावर नाही!"

छप्पन सालच्या उन्हाळ्यात त्याच दारातून पाय सटकला आणि नानांच्या मांडीचं हाड मोडलं. जळगावच्या दवाखान्यात पायाला वजन टांगून त्यांना उताणं निजवलं. सिस्टर इंदिराबाईंनी बजावलं, "रोज कंबर उचलून पाठ पुसायची. चादर ओली राहू द्यायची नाही. नाहीतर पाठ सडेल."

नाना भडकले. "बाईमाणसानं मले उचलायचं? हात तर लावून पाहा!"

बायको धुरपदाबाई पुढे झाली, तर तिलाही चारचौघांदेखत नको म्हणून हाकललं. आणि चारचौघं हटतात कुठले! आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गाडी भरून जातात. नाना जरा हलले की सगळे एकसुरात, "पडून राहा नाना, आराम करा!" चादर ओली झाली तरी नाना लाजेनं गप्प. भांडं मागायला लागू नये म्हणून त्यांनी खाणंपिणंही तोडलं. अंगावर मांस उरलं नाही, आणि आम्ही शहाणे म्हणतोय, नानांच्या तोंडावर काय तेज आलंय! वास सुटला तेव्हा कुणीतरी उदबत्ती लावली. धन्य!

शेवटी धुरपदाबाईनं कुणाला न जुमानता नानांना कुशीवर केलं. माकडहाडावर तळहाताएवढं मांस काळं पडलेलं, आत हाड दिसत होतं.

"रोज उचला मले," नाना हळूच म्हणाले.

पण विष अंगात भिनलं होतं. डॉक्टरांनी पायाचा फोटो दाखवला, हाड झकास जुळलं होतं. त्याच आठवड्यात नाना गेले.

तिरडी बांधताना हमालांनी कुणी न सांगता पाल्याची जाड गादी घातली. नानांना टोचायला नको. धुरपदाबाई धावत आली आणि दोन्ही हातांनी पाला उपसू लागली.

"आता घालता व्हय रे? आता?"

तिचे हात धरायची कुणाची हिंमत झाली नाही.