जंगल तुमचं झालं

पिठाच्या गिरणीत यंत्रापेक्षा मोठ्यानं बोलायची सवय लागल्यामुळे तिला सगळं गाव तोफ म्हणायचं. नवराही. वनखात्यानं गावामागचं जंगल गावाच्याच ताब्यात द्यायचं ठरवलं, तेव्हा समितीच्या अध्यक्षपदासाठी जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. शेवटी कंटाळून तोफ म्हणाली की मी होते, पण आता उठा, माझं दळण खोळंबलंय.

ताबा देण्याच्या कार्यक्रमात खात्याच्या साहेबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. सासूबाई पहिल्या रांगेत बसून शेजारणीला कोपरानं ढोसत होत्या, ती बघ, आमची आहे. पुढच्याच आठवड्यात खात्याची गाडी आली आणि जंगलातल्या चौकीतला पाण्याचा पंप, नळ्या, बिनतारी यंत्र, सगळं घेऊन गेली. चौकीदाराचीही बदली झाली. तोफेला वाटलं, जुनं नेतायत म्हणजे नवं देणार असतील.

उन्हाळ्यात एका दुपारी डोंगराच्या उतारावर धूर दिसला. पिठाच्या हातांनीच तिनं वनखात्याच्या कार्यालयात फोन लावला. पंप आणि माणसं पाठवा, म्हणाली.

पलीकडचे साहेब फार गोड बोलत होते. "बाई, जंगल आता समितीकडे आहे. आम्हाला तिथे माणसं पाठवता येत नाहीत."

"अहो, पण आग लागलीय."

"हो ना. समितीनं विझवायची. काही मार्गदर्शन लागलं तर सांगा."

फोन बंद झाला तरी तिनं तो कानाला तसाच धरला होता. जातं रिकामं फिरत होतं आणि दळणाला आलेल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग तिनं गिरणीतली होती नव्हती ती पोती भिजवली. त्या पोत्यांनी आणि ओल्या फांद्यांनी गाव आगीला बडवत राहिलं. काहींनी पाला ओढून मोकळा पट्टा काढला. त्या पट्ट्याशी आग अडली, पण तोवर अर्धा उतार काळा झाला होता आणि तिच्या नवऱ्याचे दोन्ही तळहात भाजले होते. तो सुतार होता.

त्याच्या हातांच्या पट्ट्या सुटल्या नव्हत्या तोच दोन अधिकारी चौकशीला आले. त्यांनी जळलेल्या उताराचे फोटो काढले, गिरणीत बसून पाणी प्यायलं आणि समितीनं आगीची वेळीच व्यवस्था का केली नव्हती असं विचारलं. निष्काळजीपणाचा ठपका येईल म्हणाले. आपण चुकीचं ऐकतोय असंच तोफेला वाटलं.

"पंप तुम्ही नेलात," ती हळूच म्हणाली.

"पंप खात्याची मालमत्ता आहे, बाई."

"म्हणजे जळणारं तेवढं आमचं?"

त्यावर थोरला अधिकारी चष्मा पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी ती समितीच्या बायका घेऊन त्यांच्या कार्यालयात गेली आणि दारातच बसली. कुणाला शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. आत जाणाऱ्याला फक्त पाय टाकायला जागा नव्हती. संध्याकाळी पंप गावाकडे येणाऱ्या गाडीत चढला. नळ्या मात्र आणखी दोनदा जाऊन बसल्यावर मिळाल्या. ठपका काही त्यांनी पुसला नाही.

तोफ अजून अध्यक्ष आहे. पंप गिरणीत, पोत्यांच्या शेजारी असतो. नवऱ्याच्या उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत. सकाळी दळणं यायच्या आधी ती त्याच्या कामाच्या खोलीत जाते. रंध्याची मूठ ती धरते, मागून जोर तो लावतो.