बोरिश्काचे निवडक हंगेरियन

बोरिश्का विल्कच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची होती: हंगेरियन आणि उरलेला युरोप. उरलेल्या युरोपात पोलिश, इटालियन, आयरिश, जर्मन, स्लोव्हाक सगळे एकाच पोत्यात कोंबलेले असत. तिचा नवरा काझिक पोलिश. म्हणजे तोही त्याच पोत्यात, आणि लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली तरी तिने त्याला त्यातून बाहेर काढलेलं नव्हतं.

"अगं, पण हंगेरी युरोपातच आहे ना?" काझिक कधीमधी विचारी.

"नकाशात असेल," ती म्हणे आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढी.

अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पूर्वेला, नदीपलीकडे, कॉन्सॉल स्ट्रीटवर तिचं ब्युटी पार्लर होतं. वस्तीतल्या बायका तिथे केस धुवायला, कुरळे करायला, रंगवायला येत. रंगवता रंगवता बोरिश्काला सगळ्यांची मुळं कळत, डोक्याचीही आणि घराण्याचीही. कोणाच्या मुलाने घर घेतलं, कोणाची मुलगी कॉलेजात नापास झाली, कोणत्या आयरिश जावयाने बायकोच्या पैशाने गाडी आणली, सगळं त्या खुर्चीत बसून सांगितलं जाई. मग बोरिश्का मनातल्या मनात दोन्ही बाजूंचे गुण मांडी. हंगेरियन नेहमी पुढे असत. पंच तीच होती.

हा नाद तिला लहानपणी लागला. तिचा बाप फाउंड्रीत लोखंड ओतायचा आणि आई घरात भाडेकरू ठेवायची. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच गादीवर आडवा व्हायचा, गादी गार व्हायला वेळच मिळत नसे. मंदीत बापाचं काम गेलं तेव्हा शाळा सोडून बोरिश्का याच पार्लरमध्ये केर काढायला लागली. मालकीण जर्मन होती. ती पोरीला कधी नावाने हाक मारत नसे. "ए हंगेरियन, टॉवेल आण!" म्हणे, आणि गिऱ्हाइकांना हळूच सांगे, "पर्स मांडीवर ठेवा हं." त्या बाईने म्हातारपणी दुकान विकायला काढलं, तेव्हा बोरिश्काने ते घेतलं. सही होताच पहिल्यांदा तिने दुकानाची पाटी बदलली. मग त्या मालकिणीचे केस ती मरेपर्यंत बोरिश्काने फुकट धुतले, आणि प्रत्येक वेळी टॉवेल गुंडाळताना म्हणाली, "घ्या, हंगेरियनने आणला."

तर त्र्याऐंशी सालच्या वसंतात या पार्लरमध्ये मिस लुंड आली. उंच, शेलाटी, नॉर्वेजियन वळणाची, विद्यापीठात शिकवणारी. तिला शहरातली हंगेरियन घरं आणि युरोपातून आलेल्या इतरांची घरं यांची तुलना करायची होती. शिक्षण किती, कमाई किती, स्वतःचं घर किती जणांचं, लग्नं किती टिकली.

"तुम्ही सगळ्यांना ओळखता असं ऐकलं," मिस लुंड म्हणाली. "काही घरांशी माझी गाठ घालून द्याल का?"

बोरिश्काच्या हातातला कंगवा हवेतच थांबला. आयुष्यभर जी मॅच ती एकटी खेळली होती, तिला आता विद्यापीठाने मैदान दिलं होतं.

"बसा," ती म्हणाली. "आधी तुमच्या केसांचं काहीतरी करू या. मग घरांचं बघते."

गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका सूपात घालायचे बोटवे वळायला जमत. लांब टेबलाभोवती पंधरावीस जणी, बोटं पिठात आणि तोंडं गावभर. तिथे बोरिश्काने बेत मांडला.

"बाई आपल्याला मोजायला आली आहे. तेव्हा पाहुणे यायच्या आधी जसा हॉल झाडतो, तशी वस्ती जरा झाडून घ्यायची."

"म्हणजे खोटं सांगायचं, मावशी?" टेबलाच्या टोकाकडून एटेल म्हणाली. ती शाळेत स्वयंपाक करायची आणि तिला पापाची फार भीती वाटायची.

"खोटं कशाला? चांगलं सामान दुकानाच्या पुढच्या फळीवर ठेवतात, त्याला कोणी खोटं म्हणतं का?"

"पण पुढच्या फळीपुरतं सामान आहे का आपल्याकडे?" दुसऱ्या एकीने विचारलं, आणि सगळ्या टेबलावर पीठ उडेपर्यंत हसल्या.

प्रश्न खरा होता. फाउंड्री हिवाळ्यातच बंद झाली होती. अर्ध्या वस्तीचे पुरुष घरी बसून बायकांना भांडी कशी घासावी ते शिकवत होते. तेव्हा बोरिश्काने सामान बाहेरून आणायचं ठरवलं.

ती आधी गेली दातांच्या डॉक्टरकडे. फेरांते, पक्का इटालियन, मोठं घर, दोन गाड्या. दाढ तपासून घ्यायच्या निमित्ताने ती खुर्चीत आडवी झाली आणि त्याने तोंडात आरसा घालायच्या आत म्हणाली, "डॉक्टर, तुमची आजी कुठली?"

"फ्यूमेची. का?"

"तेव्हा फ्यूमे कोणाचं होतं?"

"आता युगोस्लाव्हियात आहे."

"आताचं कोण विचारतंय? तेव्हा!"

डॉक्टरने डोकं खाजवलं. "हंगेरीच्या राजाचं, बहुतेक."

"अभिनंदन," बोरिश्का म्हणाली आणि आ वासला.

डॉक्टर खो खो हसला. चेरीच्या दोन मोठ्या गुंडाळी-केकवर सौदा ठरला. मोटारी विकणारा हुदाक मात्र इतक्या सहज वळला नाही. तो स्लोव्हाक होता. "आमचं गाव तेव्हा हंगेरीत होतं हे खरं," तो दाराकडे बघत कुजबुजला, "पण मावशी, हे माझ्या आईच्या कानावर गेलं ना, तर घरातली एक बशी धड राहायची नाही!" तरी त्यालाही तिने एका दुपारपुरतं हंगेरियन करून घेतलं. म्हातारीला त्या दुपारी फुकट केस कुरळे करायला पार्लरमध्ये बसवून ठेवलं.

आता उरला होता घरचाच माणूस. बोरिश्काचा धाकटा भाऊ वेंडेल. पन्नाशीचा, बायको वारलेली, जवळच एका भाड्याच्या खोलीत राहणारा, मिशा झुबकेदार, फाउंड्रीतून सगळ्यात आधी काढलेला. तो भंगार गोळा करायचा, झऱ्यासारखं गायचा, आणि शनिवारी जरा जास्तच गायचा. मिस लुंड घरी येणार त्या दिवशी बोरिश्काने त्याच्या हातात सँडविचचा डबा दिला.

"आज तळ्यावर जा. मासे खूप लागतायत म्हणे."

"एवढा वारा सुटलाय! मासेसुद्धा घरात बसले असतील."

"जा म्हटलं ना."

वेंडेलने डब्याकडे पाहिलं, बहिणीने बैठकीत मांडलेल्या नव्या कपांकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. त्याने टोपी घातली आणि गेला.

काझिक हे सगळं खिडकीशी बसून बघत होता. "भावाला मागच्या फळीवर टाकलंस," तो म्हणाला.

"तू गप्प बस. तू तुलनेत पलीकडे आहेस."

मिस लुंडच्या भेटी झकास पार पडल्या. डॉक्टरने आजीच्या आठवणी सांगितल्या. हुदाकने तर हंगेरियनमध्ये दोन वाक्यंही म्हटली. त्यातली एक शिवी होती, पण बाईला ती कळली नाही. बोरिश्का महिनाभर तरंगत होती.

मग एके दिवशी मिस लुंड केस धुवायला आली. डोकं मागे टाकून, डोळे मिटून गप्पा मारू लागली.

"सध्या पोलिश घरं बघतेय. बेकारी भत्त्याच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. इतका गोड माणूस! काम नाही, स्वतःचं घर नाही, पण मला खोलीवर जेवायला बोलावलं. लालभडक मिरचीपूड घातलेलं माशांचं सूप केलं होतं. पोलिश लोक इतकं तिखट खातात हे मला माहीतच नव्हतं."

बोरिश्काचे हात फेसात थांबले.

"मिशा होत्या का हो?"

"मोठ्या! आणि काय गातात! नाव मजेशीर, तुमचंच आडनाव. वेंडेल विल्क. मी विचारलं, तुम्ही नात्यातले का, तर म्हणाले, 'त्या बाई हंगेरियन आहेत, आम्हाला ओळख देत नाहीत.'"

पाणी इतकं गरम झालं की मिस लुंड किंचाळली.

बोरिश्का ॲप्रन न सोडताच भावाच्या खोलीवर गेली. तो कसलीशी पितळी तोटी घासत बसला होता.

"काय रे! लाज नाही वाटत? आपल्या बापाचं नाव टाकून पोलिश झालास?"

"तुला मदतच केली," वेंडेल शांतपणे म्हणाला. "बेकार, दारुडा, स्वतःचं घर नसलेला, सगळं पोलिशांच्या खात्यावर गेलं. तुझे हंगेरियन कसे दंतवैद्यासारखे चकचकीत राहिले."

"काझिकला कळलं तर?"

"त्यानेच तर आडनाव दिलं. म्हणाला, घे, आमच्यात जागा आहे."

बोरिश्का खुर्चीवर बसली. हसू येत होतं आणि रागही, आणि दोघांच्या धक्काबुक्कीत तोंडाला काय करावं कळेना.

वेंडेलने तोटी खाली ठेवली. "अगं, मंदीत बाबांना काढलं, तेव्हा कोणी बाई विचारायला आली असती तर? त्यांनाही मासे धरायला पाठवलं असतंस?"

तिला एकदम बाप दिसला: न्हाणीघरात शिरून नळ सोडून बसणारा, रडलेलं ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हा दाराबाहेर तीच उभी राहायची आणि भाडेकरूंना सांगायची, बाबा आंघोळ करतायत. आंघोळी फार लांबायच्या.

"धरायलाच पाठवलं असतं," ती म्हणाली. "मी मूर्खच आहे रे." आणि लगेच, "तू पण काही कमी नाहीस. पोलिश! निदान ऑस्ट्रियन तरी सांगायचंस!"

दुसऱ्या दिवशी तिने मिस लुंडला दंडाला धरून वेंडेलच्या खोलीवर आणलं. "हा माझा सख्खा भाऊ. हंगेरियन. बेकार. याला आमच्या बाजूला घ्या. आणि तो दंतवैद्य परत करा इटलीला. हुदाकला पण सोडून द्या, त्याची आई वयस्कर आहे."

मिस लुंड हसू दाबत म्हणाली, "डॉक्टर तर पहिल्या दिवसापासून इटलीतच आहेत, मिसेस विल्क. चेरीचा केक किती छान होता हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं. हुदाकांच्या आईंनी फोन करून मला झापलं. फक्त तुमच्या भावाचा पत्ता लागला नव्हता. ते फार छान पोलिश आहेत."

"तिखटावरून कळायला हवं होतं बाई तुम्हाला!" बोरिश्का म्हणाली. मग तिघांनी मिळून वेंडेलने केलेलं माशांचं सूप संपवलं, आणि वेंडेलने त्याची खरी हकीकत पहिल्यापासून सांगितली, फाउंड्रीचं फाटक बंद झालं त्या सकाळीसकट. बोरिश्काने मधे एकदाही तोंड घातलं नाही. हे तिला आयुष्यात पहिल्यांदा जमलं.

पानगळीच्या सुमारास चर्चच्या हॉलमध्ये मिस लुंडने आपलं काम लोकांसमोर मांडलं. हॉल गच्च भरला. हंगेरियन डावीकडे, पोलिश, स्लोव्हाक, इटालियन उजवीकडे, जणू कोणाचं लग्नच लागणार होतं. ती तासभर बोलली. हंगेरियन शिक्षणात जरासे पुढे, बचतीत जरासे मागे, घटस्फोटांत कुठेच नाहीत. पण एकूण पाहता, ती म्हणाली, फरक इतका थोडा की धरण्यासारखा नाही. ज्या घरातलं काम गेलं त्या घराची गत सगळीकडे सारखीच.

मग मागून एक म्हातारा हंगेरियन काठी आपटत उठला. "सारखे? आम्ही आणि हे?"

"आम्ही आणि हे!" उजवीकडून हुदाकची आई दुप्पट आवाजात ओरडली.

मग जो गोंधळ झाला तो पाहून मिस लुंडने कागद छातीशी धरले. मागे पडलात असं म्हणाली असती तर लोकांनी सोसलं असतं, पुढे आहात म्हणाली असती तर खांद्यावर घेतलं असतं. सारखे म्हटलेलं मात्र दोन्हीकडच्या कोणालाच चालेना. काझिकच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी वाहत होतं. शेवटी बोरिश्का खुर्चीवर चढली.

"गप्प बसा सगळे! बाईने एवढे कष्ट घेतले. आता आधी जेवा आणि मग भांडा. उपाशी भांडलात तर दोन्हीकडचं भांडण सारखंच होईल!"

लोक जेवले आणि मग व्यवस्थित भांडले. हुदाकची आई आणि काठीवाला म्हातारा निघताना एकमेकांना घरचे पत्ते देत होते. भांडण अर्धवट राहिलं होतं म्हणून.

पुढच्या वर्षी वेंडेल कामासाठी टेक्सासला गेला, जसे तेव्हा बरेच जण गेले. बस निघताना बोरिश्काने त्याच्या मिशा दोन्ही हातांनी ओढल्या आणि रडली. रविवारी त्याचा फोन आला. तेलाच्या कारखान्यात काम लागलं होतं.

"आणि लोक कसे आहेत?" तिने विचारलं.

"चांगले आहेत. माझं नाव ऐकून सगळे मला जर्मन समजतात."

बोरिश्काने दीर्घ श्वास घेतला. काझिकने वर्तमानपत्र खाली केलं.

"मग? तू काय सांगितलंस?"

"अजून काहीच नाही."

"बरं केलंस," बोरिश्का म्हणाली. "आधी तिथले जर्मन किती कमावतात ते विचारून घे. मग सांग तू कोण ते."